आत का भाईर?

“अप्पा, नीट ऐका. भोंगा वाजला की आत जायचं. आत. बाहेर नाही,” मंजुश्री मोबाईलच्या पडद्यावरून पुन्हा पुन्हा सांगत होती.

निलंग्याच्या घराच्या अंगणात, पत्र्याखाली बाजेवर बसलेले गुरुपादप्पा पडद्याकडं संशयानं बघत होते. “आत म्हंजी कुठं?”

“इथं नव्या घरांत एक जाड भिंतीची खोली असते. लोखंडी दार, लोखंडी खिडकी. रॉकेट आलं की तिच्यात शिरायचं, दार लावायचं आणि दहा मिनिटं बसायचं.”

“आन वरून छत पडलं तर?”

“नाही पडत हो अप्पा.”

“आमचंबी पडत न्हवतं,” गुरुपादप्पा म्हणाले, आणि तिकडं परदेशी, हैफा शहरात लेकीनं जेवलात का म्हणून विचारलं.

गुरुपादप्पांचं मूळ गाव किल्लारीच्या अलीकडचं. त्र्याण्णव साली गणपती बुडवून ते उशिरा घरी आले आणि आईची झोप मोडू नये म्हणून बाहेर ओट्यावरच आडवे झाले. आई आणि दोघं भाऊ आत, दगडमातीच्या माळवदाखाली. बायको रत्नम्मा माहेरी होती म्हणून वाचली. पहाटे भूकंप झाला. उजाडलं तेव्हा गावात जे बाहेर होते ते होते आणि जे आत होते ते नव्हते. पुढं ते निलंग्याला आले, भुसाराचं दुकान टाकलं, चांगलं सिमेंटचं घर बांधलं, पण त्या घरात ते कधी झोपले नाहीत. घर सामानासाठी आणि माणूस पत्र्याखाली, असा त्यांचा कायदा होता.

शिवाय इशाऱ्याची सोय होती. उशाशी स्टीलचा पेला उपडा घालायचा आणि त्यावर तांब्या ठेवायचा. जमीन जरा हलली की तांब्या खाली, गुरुपादप्पा रस्त्यावर, आणि त्यांची हाक आळीभर: “भाईर या! समदे भाईर या!” कधीकधी नुसतं मांजर गेलं तरी आळी बाहेर यायची. कुणी रागावत नसे. अर्धी आळी त्याच गावांमधून उठून आलेली होती.

असा माणूस सरहद्द धुमसत असलेल्या परक्या शहरात निघाला होता, त्याला कारण रत्नम्मा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हा पिढ्यांचा रिवाज. डॉक्टरांनी मंजुश्रीला विमानात बसायला मनाई केली होती. “लेक माहेरी येईना, तर माहेर लेकीकडं जाईल,” असं रत्नम्मानं जाहीर केलं आणि डिंक तळायला घेतला.

शेजारचे किशनराव कळवळून सांगायला आले. “अप्पा, टीव्हीत बघायलाव की आम्ही. जाळ उठलाय तिथं. मरायला चाललाव का?”

“बाळंतपणाला चाललाव.”

“मग लाडू जादा घ्या,” किशनराव म्हणाले. त्यांना याहून शहाणं काही सुचेना.

तांब्या आणि पेला सोबत होतेच. विमानतळावर तपासणीतल्या माणसानं तांब्या आत-बाहेर निरखला आणि हे काय म्हणून विचारलं. गुरुपादप्पांनी आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीतला एकच शब्द उच्चारला, “अलार्म.” त्यानंतर त्या दोघांना बराच वेळ बाजूला बसवून ठेवण्यात आलं. डिंकाचे लाडूसुद्धा एकेक करून यंत्रातून गेले.

हैफा शहर डोंगराच्या उतारावर वसलेलं. खाली निळं गार समुद्राचं पाणी, आणि उत्तरेला सरहद्द इतकी जवळ, की निलंग्याहून लातूरसुद्धा त्याहून लांब. जावई संगमेश तिथं पिकांच्या रोगांवर संशोधन करत होता. त्यानं सासऱ्यांना सगळे नियम समजावले. चपला खाटेजवळ ठेवायच्या. बाहेर पडलं की आधी आसरा कुठं आहे ते बघून ठेवायचं. रस्त्यात भोंगा झाला आणि काहीच जवळ नसलं, तर पालथं पडून डोक्यावर हात घ्यायचे.

“आन न्हाणीत असलाव तर?” गुरुपादप्पांनी विचारलं.

संगमेश मान खाली घालून म्हणाला, “मामा, मी एकदा होतो तसाच आलो.”

पाहुणे म्हणून ती जाड भिंतीची खोलीच त्यांना झोपायला दिली होती. गुरुपादप्पांनी भिंतीवर बुक्की मारून पाहिली, छताकडं मान मोडेपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “जावईबापू, ही कोठडी हाय.” मग चादर उचलून ते गॅलरीत झोपायला गेले. रत्नम्मा मात्र आत घोरू लागली.

पहिला भोंगा दुसऱ्याच दिवशी, जेवताना वाजला. लेक, जावई आणि बायको त्या जाड भिंतीच्या खोलीत शिरले आणि गुरुपादप्पा स्वतः उंबऱ्यात उभे राहिले.

“अप्पा, पाय आत घ्या!”

“हाय की आत.”

“दुसरा!”

“दुसरा राहू दे तिथं. पळायला लागंल.”

दुसरा पाय बाहेर असल्यानं लोखंडी दार लागेना. रत्नम्मानं सदऱ्याला धरून ओढलं, तेव्हा बटणं आत आली आणि नवरा बाहेरच राहिला. दूर कुठंतरी दोन दणके झाले. मंजुश्री पोटावर हात ठेवून खाटेवर बसली होती आणि वडलांच्या त्या एका पायाकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुपादप्पांनी ते पाहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली, पण पाय काही हलला नाही.

शेवटी तडजोड झाली. तांब्या-पेला खोलीत ठेवायचा. तांब्या जागेवर आहे तोवर गुरुपादप्पा दोन्ही पायांनी आत बसणार. एवढ्या जाड खोलीत तांब्या पडतो कशाला, असं म्हणून सगळ्यांनी मान्य केलं.

चार-सहा दिवस बरं चाललं. मग एका सकाळी भोंगा झाला, चौघं आत गेले, दार लागलं. गुरुपादप्पा गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवून “शिवा, शिवा” करत होते, डोळे तांब्यावर. आणि नेमका डोक्यावर, अगदी छताला टेकून झाल्यासारखा दणका झाला. भिंती थरथरल्या. तांब्या कलंडला आणि फरशीवर ठणाणत गेला.

पुढचं गुरुपादप्पांनी केलं नाही, त्यांच्या पायांनी केलं. दाराचा दांडा फिरला, जिने मागं पडले, आणि ते अनवाणी इमारतीसमोरच्या मोटारींच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. वर छत नव्हतं, दगड नव्हता, माती नव्हती. नुसतं आभाळ होतं आणि त्यात पांढऱ्या धुराचे दोन पुंजके. त्यांचा जीव निवला. मग त्यांनी इमारतीकडं वळून शेजारधर्म पाळला.

“भाईर या! समदे भाईर या!”

खालच्या मजल्यावर एक म्हातारी आपल्या घराकडं धावता धावता जिन्याच्या खिडकीशी थबकली. ती हातवारे करून त्यांना आत बोलवत होती. हे हातवारे करून तिला बाहेर बोलवत होते. दोघांनाही एकमेकांची अक्कल बघून हळहळ वाटत होती.

तेवढ्यात मंजुश्री दारातून बाहेर आली. एक हात कठड्यावर, एक पोटावर, पायात काही नाही. तिच्यामागं संगमेश धावत होता.

“अप्पा, आत चला.”

“तू कशाला भाईर आलीस?” गुरुपादप्पा ओरडले.

“तुम्ही बाहेर आहात म्हणून.”

पुन्हा दणका झाला. आभाळातून काहीतरी शीळ घालत आलं आणि पलीकडच्या मोटारीच्या टपावर आदळलं. फुटलेल्या रॉकेटचा तळहाताएवढा लोखंडी तुकडा, टप फोडून अर्धा आत गेलेला. मंजुश्री त्यापासून चार पावलांवर उभी होती. गुरुपादप्पांनी त्या भोकाकडं पाहिलं, लेकीच्या पोटाकडं पाहिलं, आणि पोरीला मिठीत धरून जिना चढले. खोलीचं दार त्या दिवशी त्यांनी स्वतः लावलं. “इथं आभाळच पडतंय,” ते पुटपुटले.

दहा मिनिटं भरायच्या आतच मंजुश्रीला कळा सुरू झाल्या.

दवाखान्यात पोचल्यावर कळलं, की लढाईमुळं सगळे रुग्ण जमिनीखालच्या वाहनतळात हलवलेत. एक मजला खाली नाही, तीन. गुरुपादप्पा उताराच्या तोंडाशी थांबले. आतमध्ये पांढरे दिवे, खाटांच्या रांगा आणि वर नुसतं काँक्रीट.

रत्नम्मा लाडवांचा डबा काखेत मारून म्हणाली, “मी चालले. तुम्ही बसा आभाळाखाली.”

ते गेले. भिंतीला हात लावत लावत, पण गेले. तिथल्या एका खुर्चीत बसले, पिशवीतून पेला काढून उपडा ठेवला, त्यावर तांब्या ठेवला आणि छताकडं बघत राहिले. आई आठवली. तीही अशीच छताखाली होती, आणि त्या वेळी तिच्याजवळ कुणी नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्या एका नर्सला वाटलं, म्हातारबाबांना तहान लागलीय. तिनं तांब्या उचलला आणि पाण्यानं भरून आणून दिला. तेवढ्यात संगमेश धावत आला. “मामा, मुलगी झाली! दोघी चांगल्या आहेत!”

गुरुपादप्पांनी तो तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. मग तिथंच, तीन छतांखाली, ते खुर्चीत झोपून गेले.

त्यानंतर व्हिसा संपेपर्यंत ते तिथं राहिले आणि पक्के तयार झाले. भोंगा झाला की नातीला उचलून सगळ्यांच्या आधी आत. रत्नम्मा पाण्याची बाटली घेई, ते दांडा फिरवत आणि घड्याळ लावत. एकदा रत्नम्मा पातेलं उतरवायला थांबली, तेव्हा त्यांनी तिला असं काही झापलं, की जावयाला आपलीच चूक झाल्यासारखं वाटलं.

निलंग्याला परत आल्यावर पाच-सहा दिवसांतली गोष्ट. दुपारची वेळ. दोघं अंगणात शेंगा फोडत बसले होते. जमिनीच्या पोटातून गुरगुर आली आणि बाजेजवळचा तांब्या पेल्यावरून खाली पडला.

दोघं एक शब्द न बोलता उठले. रत्नम्मानं पाण्याची बाटली घेतली. गुरुपादप्पा घरात शिरले, माजघर ओलांडून मागच्या धान्याच्या खोलीत गेले, दार लावलं, कडी घातली आणि ज्वारीच्या पोत्यावर बसून घड्याळ लावलं.

आळी बाहेर आली होती, पण हाक आली नव्हती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. “अप्पा कुठायत?” म्हणून शेजारची गुरम्मा ओरडली. गलका थांबला. सगळे गुरुपादप्पांच्या उघड्या दाराकडं बघू लागले, कुणी पुढं होईना. जमीन हलताना छताखाली जाणारं माणूस त्या आळीत उरलेलंच नव्हतं. किशनरावांनी तर त्र्याण्णवला बायको आणि लेकरू दोन्ही गमावलं होतं. तेच किशनराव उंबऱ्यापाशी आले, डोळे मिटले आणि आत शिरले.

“अप्पा! जित्ते हायत का?”

“हाव!” पोत्यांमागून आवाज आला. “आजून सात मिनटं हायत!”

“कशाला?”

मग रत्नम्माचा आवाज आला, “अवो, ह्यो भोंगा न्हवं. ह्यो तांब्या हाय!”

कडी उघडली. गुरुपादप्पांच्या तोंडाला ज्वारीचं भुसकट लागलं होतं. समोर किशनराव घामानं निथळत उभे होते.

“तुमी कशाला आत आलाव?” गुरुपादप्पांनी विचारलं.

“तुमी आत हायत म्हणून.”

गुरुपादप्पांनी किशनरावांचा हात धरला आणि तिघं बाहेर आले. रत्नम्मानं झाला प्रकार सांगितला, तेव्हा आधी गुरम्मा हसली, मग सगळी आळी हसली. धक्का बसल्यावर ती आळी पहिल्यांदाच हसत होती.

तेवढ्यात मोबाईल वाजला. मंजुश्री घाबरलेली होती. “अप्पा, नांदेड-लातूरकडं धक्का बसला म्हणे! तुम्ही बाहेर आहात ना?”

गुरुपादप्पांनी आळीकडं पाहिलं. “भाईरच हाव की, बाय.”

“खरं?”

“किशनरावला इचार.”

आणि तिच्या मागं भोंगा सुरू झाला. आळीतल्या कुणी तो आवाज आधी ऐकलेला नव्हता, तरी सगळ्यांना कळलं.

“अप्पा, मी...”

“बोलू नको! लेकरू उचल. आत जा. दोन्ही पाय आत!”

लोखंडी दार लागल्याचा आवाज आला आणि फोन बंद पडला. त्या खोलीत रेंज नसते, हे गुरुपादप्पांना ठाऊक होतं. त्यांनी घड्याळ लावलं आणि बाजेवर बसले. धक्का सरला होता, घरात जायला आता हरकत नव्हती. पण कुणी गेलं नाही. किशनराव जमिनीवर टेकले. गुरम्मानं चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. गुरुपादप्पांच्या हातून तो आधी खालीच पडला.

“आलो अप्पा आम्ही बाहेर,” मंजुश्री म्हणाली. मागं नात जोरजोरात रडत होती.

“आली भाईर,” गुरुपादप्पांनी आळीला सांगितलं.

मग आळी उठली, कपडे झटकले, आणि एकेक जण आपापल्या घरात गेला.