तळ्यातलं की नळातलं?

कोळंबीच्या तळ्यातले प्लवक म्हणजे काय, हे मी कुणालाही हसतखेळत समजावू शकते! अगदी परळच्या आमच्या बिल्डिंगलासुद्धा! असं मी आईला ठणकावून सांगितलं, कारण तिच्या मते माझी नोकरी म्हणजे "पालघरला जाऊन डबक्याकडे बघत बसणं."

झालं! सोसायटीच्या स्नेहसंमेलनात मी खाली कंपाऊंडमध्ये पडदा लावला, माईक धरला आणि सुरू झाले.

"प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. ऋतू बदलला की तेही बदलतात. थंडीत पाणी सोनेरी-तपकिरी, उन्हाळ्यात शेवाळ माजून हिरवंगार. पावसात खारटपणा उतरला की जुने मरतात, नवे येतात!"

पडद्यावर लांब मिशांचा, एकडोळ्या जीव झळकला. बैलाएवढा! सुभद्रामावशी खुर्चीसकट मागे सरकल्या.

"अगो बाय! ह्या खयचा पाणी?"

"आमच्या तळ्यातलं!" मी अभिमानानं म्हणाले.

आता दोष माईकचा. तो घसा बसलेल्या कोंबड्यासारखा खरखरत होता. मागच्या रांगेत आमचे सेक्रेटरी चिंतामणीकाका बसले होते. त्यांना ऐकू गेलं, "आमच्या नळातलं!"

"किती असतात असले?" काका दचकून उभेच राहिले.

"पेलाभर पाण्यात हजारो! आणि असायलाच हवेत. कोळंबीची पिल्लं त्यांच्यावरच पोसतात!"

"नळात कोळंबी?" काका किंचाळले.

"साईज काय मिळेल गं?" तळमजल्यावरच्या ज्युलिएट आंटींनी तेवढ्यात विचारून घेतलं.

लोक विज्ञानात किती रस घेतात, या विचारानं मी फुलून गेले! काका वॉचमन रघूला घेऊन जिन्यानं धावले, तेव्हा मला वाटलं, घरच्यांना बोलवायला गेले असतील. मी पुन्हा पावसाळ्याकडे वळले आणि वरून धो धो पाणी पडद्यावर कोसळलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, इफेक्ट!

काकांनी गच्चीवरची अख्खी टाकी रिकामी केली होती.

दुसऱ्या दिवशी पाईपलाईनच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद! आणि त्याच दिवशी सुभद्रामावशींच्या मुलीचा साखरपुडा! सकाळी अख्खी बिल्डिंग रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या दारात.

"माफी माग!" काका म्हणाले.

"मुळीच नाही! तळ्याचा नळ ज्यानं ऐकला, त्यानं मागावी!"

"माईक तुझा होता!"

"कान तुमचे होते!"

आई मागून माझ्या ओढणीचं टोक ओढत होती. मी हलले नाही! शेवटी सगळ्यांनी मिळून टँकर मागवला. पाणी निघालं किंचित हिरवट. माझ्या अंगात पुन्हा वारं संचारलं. घरातला मायक्रोस्कोप घेऊन मी थेट टँकरच्या पाईपसमोर उभी ठाकले.

"थांबा! कुणी बादली लावायची नाही! काल नसलेल्या प्लवकांना घाबरलात ना? आज असलेले बघा!"

 सुभद्रामावशी कळशी घेऊन पुढे आल्या.

"आकांक्षा, त्यात मगर असली तरी दाखवू नकोस. पाहुणे दादरला पोचलेत. बाजूला हो!"

मी झाले. विज्ञानानं माघार घेतली नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा! मायक्रोस्कोप आईच्या हातात दिला आणि दोन बादल्या घेऊन रांगेत उभी राहिले, चिंतामणीकाकांच्या मागे.

पण मान ताठ!