दोन्ही हात वर

वेलांटीकाकांच्या पायात तयार झालेली रक्ताची एक गुठळी फिरत फिरत फुप्फुसात जाऊन अडकली, आणि तेव्हापासून काकांच्या बसण्यावर बंदी आली.

काका चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. इमारतीच्या सूचनाफलकावरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते जाता-येता लाल पेनाने दुरुस्त करत, म्हणून लोक त्यांना वेलांटीकाका म्हणत. निवृत्तीनंतरही ते घरी पुस्तकं तपासायला आणत आणि एका खुर्चीत सलग सात-सात तास बसत. खुर्चीला खळगा पडला, त्याबद्दल त्यांना अभिमान होता. मग एके दिवशी पोटरी सुजली, दम लागला, आणि आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले.

घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दर पाऊण तासाने उठून चालायचं. आणि तिसरी गोष्ट त्यांनी जरा आवाज उतरवून सांगितली. काकांचे ठोके थोडे अनियमित पडत होते. अशा हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. गोळ्या त्यासाठीही आहेतच, पण घरच्यांना लक्षणं माहीत असलेली बरी. अचानक तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात खाली पडायला लागला, बोलणं अडखळलं, तर एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठायचं.

डॉक्टरांनी हे फक्त माहितीसाठी सांगितलं होतं. पण सांगितलं ते ड्रिलबाईंना.

ड्रिलबाई म्हणजे काकांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी कवायत शिकवली होती. शाळेने निरोप समारंभात त्यांना घड्याळ दिलं आणि शिट्टी परत मागितली, तेव्हा त्यांनी घड्याळ परत केलं होतं. रुग्णालयातून आल्यावर त्यांनी ती शिट्टी पुन्हा गळ्यात अडकवली.

"हसा," त्या म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. तोंड सरळ आहे का बघायचंय. हसा. आता दोन्ही हात वर. दहा आकडे होईपर्यंत खाली आणायचे नाहीत. आता एक वाक्य म्हणा."

वाक्यावरून मात्र दोन दिवस भांडण चाललं. बाईंनी 'आमचे घर मोठे आहे' हे वाक्य सुचवलं होतं. काकांचं म्हणणं, एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे असलं वाक्य मेंदू अर्धा बंद पडला तरी माणूस म्हणेल. शेवटी त्यांनी स्वतःच तीन कच्चे खर्डे करून एक वाक्य पक्कं केलं. 'सुस्पष्ट आणि शुद्ध बोलणे हे शाबूत मेंदूचे लक्षण आहे.' श, ष आणि स तिन्ही त्यात असल्यामुळे ते स्वतःवर खूश होते.

असं दर पाऊण तासाला सुरू झालं. शिट्टी वाजली की काका जिथे असतील तिथे उभे राहत, हसत, हात वर करत, वाक्य म्हणत आणि दहा फेऱ्या मारत. लक्षणं अचानक येतात, रोज परीक्षा घेऊन काही मिळत नाही, असं डॉक्टरांनी फोनवर समजावून पाहिलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तोटा काय?"

महिन्याभरात काकांच्या अंगात ते इतकं मुरलं की शिट्टी नसली तरी चालायचं. टपाल कार्यालयाच्या रांगेत ते एकदा हात वर करून उभे राहिले, तेव्हा पुढच्या चौघांनी घाबरून त्यांना जागा दिली.

त्या रविवारी सकाळी इमारतीची वार्षिक सभा होती. तळमजल्यावरच्या दालनात बावीस खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक होते. नऊ वर्षं तेच अध्यक्ष होते, कारण निवडणुकीचा विषय येईपर्यंत सभेची वेळ संपेल याची ते काळजी घेत. इतिवृत्त लिहायला तिसऱ्या मजल्यावरच्या लघुलेखक वहिनी होत्या. त्या न्यायालयात नोकरीला असल्यामुळे सभेत कोणी शिंकलं तरी ते वेळेसकट टिपून ठेवत.

विषय होता जिन्याच्या रंगाचा. अध्यक्षांना राखाडी हवा होता, कारण राखाडीवर मळ दिसत नाही. विरोधकांना फिकट पिवळा हवा होता, कारण राखाडी अध्यक्षांना हवा होता. अर्धा तास चर्चा झाली. अध्यक्षांनी सगळ्यांना एकदा झापलं, पेलाभर पाणी संपवलं आणि मतदान पुकारलं.

"राखाडीच्या बाजूने कोण?"

नेमका तेव्हा पाऊण तास भरला. बाईंनी लोकांचा मान राखून शिट्टी अगदी हळू वाजवली. काका उठले, तोंडभर हसले आणि दोन्ही हात वर केले.

"एका घराला एक मत," अध्यक्ष म्हणाले. "एक हात खाली घ्या."

"दहा होईपर्यंत नाही घेता येणार," काका म्हणाले.

पिवळ्या गटातल्या एका दाताच्या डॉक्टरीणबाईंनी हरकत घेतली की काका कालपर्यंत पिवळ्याच्या बाजूने होते, ते फुटले कसे. काकांना उत्तर द्यायचं होतं, पण क्रमाने आता वाक्याची पाळी होती. ते अध्यक्षांकडे तोंड करून उभे होते, म्हणून ते त्यांच्याकडे बघतच हसतमुखाने म्हणाले, "सुस्पष्ट आणि शुद्ध बोलणे हे शाबूत मेंदूचे लक्षण आहे."

नऊ वर्षांत अध्यक्षांना असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्या पिवळ्या गटाने वाजवली. काका मात्र वेळापत्रकाप्रमाणे खुर्च्यांभोवती फेऱ्या मारायला निघून गेले होते, त्यामुळे ते विजयाची फेरी मारतायत असं सगळ्यांना वाटलं.

अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. बाईंनी उठून खुलासा केला की हा कोणाला टोमणा नाही, ही तपासणी आहे. हसणं, हात, बोलणं, या तीन गोष्टी त्यांनी शाळेत सांगायच्या तशा बोटांवर मोजून सांगितल्या. अध्यक्षांनी तुच्छतेने नाक मुरडलं. त्यांनाही डॉक्टरांनी ठोक्यांसाठी तसल्याच गोळ्या दिल्या होत्या, पण दात घासताना दोनदा रक्त दिसल्यावर त्यांनी त्या कुणाला न विचारता बंद केल्या होत्या. घट्ट रक्त हेच खरं रक्त, असं ते काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगत. त्याला आता सहा महिने झाले होते.

"असली नाटकं मलाही येतात," असं काहीतरी म्हणत ते उठले. मग काकांची नक्कल करत तोंड फाकवून हसले, हात वर केले आणि म्हणाले, "शुश्पश्त आनि शुद्द बोलने..."

सगळे पोट धरून हसले. नक्कल झकास होती. तोंडाचा एकच कोपरा वर गेला होता, आणि उजवा हात डाव्याच्या निम्म्यावर येऊन हळूहळू खाली चालला होता. पहिल्या मजल्यावरचे शिंपीदादा म्हणाले, साहेबांनी नाटकात जायला हवं होतं.

दोघंच हसली नाहीत. काका फेरी मारता मारता जागच्या जागी थांबले. चाळीस वर्षं त्यांनी चुका वाचल्या होत्या. मुद्दाम केलेली चूक आणि हातून झालेली चूक यातला फरक त्यांना अंधारातही कळला असता.

"बाई," ते म्हणाले, "हे मुद्दाम नाहीये."

बाईंनी शिट्टी वाजवली. या वेळी पूर्ण जोराने. "हसायचं बंद. रुग्णवाहिका बोलवा. साहेब, खाली बसा."

अध्यक्ष खाली बसले ते जवळजवळ पडलेच. हात जरा झोपलाय, काही नाही, असं ते सांगू पाहत होते, पण शब्द एकमेकांत गुंतत होते. काकू रडायला लागल्या. कोणी साखरेचं पाणी आणलं, कोणी डोकेदुखीची गोळी काढली. बाईंनी दोन्ही परत पाठवलं. आत्ता गिळता आलं नाही तर पाणी श्वासनलिकेत जाईल, आणि गोळी कुठली द्यायची ते रुग्णालयात ठरवतील, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली आणि फाटकाबाहेर अडकली. कोणतंही वाहन आवारात यायचं नाही असा नियम अध्यक्षांनीच केला होता आणि फाटकाला साखळदंड लावला होता. किल्ली त्यांच्या उजव्या खिशात होती. बाई किल्ली मागायला लागल्या तसा त्यांनी डाव्या हाताने खिसा घट्ट धरला आणि ते जोरजोरात काही बोलायला लागले. कोणाला एक अक्षर कळेना.

काकांनी वाकून कान देऊन ऐकलं. वाईट हस्तलिखित वाचताना पडायची तशी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"अर्ज द्या, म्हणतायत," काका म्हणाले. "दोन प्रतींत."

काकू रडायच्या थांबल्या. "या अवस्थेतही?"

लघुलेखक वहिनींनी तोपर्यंत अर्ज लिहिलासुद्धा होता. त्यांनी तो अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर धरला. अध्यक्षांनी त्याच्या दोन ओळी वाचल्या, समाधानाने मान हलवली आणि खिशावरचा हात काढला. बाईंनी किल्ली ओढून फाटकाकडे फेकली. शिंपीदादांनी ती झेलली.

रुग्णालयात तरुण डॉक्टरीण धावतच आल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, यांना शेवटचं ठणठणीत कोणी आणि किती वाजता पाहिलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येतं, अंदाजाने चालत नाही. काकू म्हणाल्या, सकाळी. शिंपीदादा म्हणाले, नाटक करत होते तेव्हा. लघुलेखक वहिनींनी घसा साफ केला आणि वही उघडली.

"अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. माननीय अध्यक्षांनी सभासदांना गाढव म्हटले. उच्चार स्पष्ट. बारा वाजून एक मिनिट. अध्यक्षांनी उजव्या हाताने पेला उचलला, पाणी न सांडता प्यायले. बारा वाजून सहा मिनिटं. अध्यक्षांनी मुद्रितशोधकांची नक्कल केली, उच्चार अस्पष्ट, सभेत हशा."

तरुण डॉक्टरीण म्हणाल्या की अशी नोंद त्यांना आजवर कोणी दिली नव्हती. रक्तस्राव नाही, गुठळीच आहे, हे मेंदूच्या चित्रात दिसल्यावर त्यांनी इंजेक्शन दिलं. गोळ्या बंद केल्याचं काकूंनी त्याआधीच सांगून टाकलं होतं. इतके दिवस त्या ते मनात दाबून होत्या.

बाकीचे सगळे बाहेर बाकड्यांवर बसले, राखाडी एका बाजूला आणि पिवळे दुसऱ्या. अध्यक्षांशी काकांचं नऊ वर्षांत एकदाही जमलं नव्हतं, आणि त्यांना सारखं वाटत होतं की आपलं ते वाक्य त्या माणसाने शेवटचं ऐकायला नको होतं. पाऊण तास झाला तेव्हा बाईंनी शिट्टीला हात लावला आणि रुग्णालय आहे म्हणून मागे घेतला. काका आपणहून उठले आणि चालू लागले. थोड्या वेळाने दाताच्या डॉक्टरीणबाई उठल्या, मग शिंपीदादा. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत त्या लांब ओसरीत रांगेने येरझाऱ्या घालत होती.

दिवेलागणीला डॉक्टरीण बाहेर आल्या. उजवा हात वर येतोय, म्हणाल्या. बोलायलाही लागलेत. पहिलं वाक्य काय बोलले, असं काकूंनी भीत भीत विचारलं.

"राखाडी," डॉक्टरीण म्हणाल्या. "आम्ही तो भ्रम समजून घाबरलो होतो."

महिन्याभराने अध्यक्ष काठी न घेता घरी आले. गोळ्या ते आता घड्याळ लावून घेत आणि घेतल्यावर काकूंना जीभ उचलून दाखवत. फाटकाचा साखळदंड त्यांनी स्वतः काढला. आणि ड्रिलबाईंना बोलावून म्हणाले, "बाई, हे तुम्ही सगळ्यांना शिकवा. सक्तीने."

सक्ती हा शब्द बाईंनी एकतीस वर्षांत दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता आवारात वर्ग सुरू झाला. त्याची कल्पना नसलेला, पन्नाशीतला एक कुरिअरवाला खोकं घेऊन फाटकातून आत आला आणि थबकला. समोर बत्तीस माणसं दोन्ही हात वर करून उभी होती. सगळी हसत होती, आणि एकही हात खाली येत नव्हता. पुढे गळ्यात शिट्टी घातलेल्या एक बाई हातात बारीक छडी घेऊन आकडे मोजत होत्या.

कुरिअरवाल्याने खोकं हळूच जमिनीवर ठेवलं आणि आपलेही दोन्ही हात वर केले.

बाई वळल्या. त्यांनी त्याच्या हातांकडे नीट पाहिलं. "सारखे आहेत. हसा."

तो कसाबसा हसला.

"एक वाक्य म्हणा."

"बाई," तो म्हणाला, "माझ्या घरी दोन लहान मुली आहेत."

"उच्चार स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "जा तुम्ही."