नववी 'ब'चे शहाणपण

शाळेचे अर्धे वर्ष सरल्यावर वरच्या कार्यालयातून परिपत्रक आले, की वर्षअखेरपर्यंत नववीच्या सर्व विद्यार्थ्यांमध्ये शहाणपण विकसित झालेले असावे. त्यास पोषक असे पाच मानसशास्त्रीय घटक सोबत जोडले होते: आत्मपरीक्षण, सहानुभूती, भावनांवर ताबा, दुसऱ्याचे मत ऐकून घेणे आणि नम्रता.

"सहानुभूतीला एक तास पुरे," मुख्याध्यापिका नववी 'ब'च्या बाईंना म्हणाल्या. "नम्रता चित्रकलेच्या तासाला उरकून घ्या."

बाईंनी उरकली. मोजमापासाठी प्रश्नावली होती. 'आपली चूक तुम्ही मान्य करता का?' पर्याय तीन: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. बाईंनी आदल्या दिवशीच फळ्यावर 'नेहमी' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. एकेचाळीस मुलांनी ते उतरवले. बेचाळिसावी मुलगी, जिला सगळा वर्ग शंकासूर म्हणे, प्रत्येक प्रश्नापाशी विचार करत बसली आणि बहुतेक ठिकाणी तिने 'कधीकधी'वर खूण केली. एकदा तर समासात लिहिले, 'ओरडा बसेल असे वाटले, तर मान्य करत नाही.'

आत्मपरीक्षणात तिला शून्य मिळाले.

"एवढा वेळ कसला विचार करत होतीस गं?" बाईंनी विचारले.

"आत्मपरीक्षण करत होते, बाई."

हे उत्तर उद्धट ठरून नम्रतेचे गुण गेले. तिला रडू फुटले, तेव्हा भावनांवरच्या ताब्याचेही कापण्यात आले. शेजारणीने तिला आपला रुमाल दिला. पण सहानुभूतीचा तास मागच्याच आठवड्यात संपलेला असल्याने शेजारणीला समज देण्यात आली.

शहाणपणाच्या दाखल्याशिवाय दहावीत बसता येत नव्हते. मुलीच्या वडिलांना बोलावणे गेले. ते लिफ्ट दुरुस्त करत. ग्रीसने काळे झालेले हात टेबलाखाली लपवून ते मुख्याध्यापिकांसमोर बसले.

"मुलगी हुशार आहे हो, पण शहाणी नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "उद्या पुन्हा संधी देतोय. तिला समजवा."

बाहेर व्हरांड्यात वडिलांनी लेकीला जवळ घेतले. "टाक ना बाळा, 'नेहमी'वर खूण. तुझं काय जातंय?"

"पण ते खरं नाहीये, बाबा. तुम्ही लिफ्ट न तपासता 'ठीक आहे' म्हणून सही कराल?"

"लिफ्ट पडली तर माणसं मरतात गं," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "हे नुसतं शहाणपण आहे."



दुसऱ्या दिवशी तिने चार मिनिटांत सगळ्या खुणा करून कागद दिला. पैकीच्या पैकी. एरवी घराच्या वाटेवर ती प्रश्न विचारून वडिलांना भंडावून सोडायची; त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. त्यांच्या जिवाला ते लागले. पण पोरगी मार्गी लागली, असे म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

नववी 'ब' शंभर टक्के शहाणी झाल्याचा फलक आता फाटकावर झळकतो आहे. वर्गात कुणी हात वर करत नाही, त्यामुळे अभ्यासक्रम महिनाभर आधीच संपतो. प्रवेशासाठी पालकांची रांग पार कोपरा ओलांडून गेली आहे. तुम्हीही आलाच आहात, तर पोराला नीट हाताशी धरा; फाटकातच काहीतरी विचारून बसायचं.