पाच खिडक्यांच्या माउंटची मोहीम

तसबिरींच्या दुकानी सोमवारी दोन प्रहरी पाच खिडक्यांचे माउंट कापावयाची जी मोहीम जाहली, तिचा करीना, म्हणजे साद्यंत वृत्तांत, पाहिला तैसा लिहितो. पदरचे अक्षर घातलेले नाही.

दुकानाची मालकीण राजमान्य ताई. तिचे वडील अण्णा, यांनी चाळीस वर्षे हाती पाते धरून माउंट, म्हणजे फोटो दिसावा म्हणून खिडक्या पाडलेला तसबिरीभोवतीचा जाड पुठ्ठ्याचा काठ, कापिले. पुढे हात थरथरू लागला, मग कारभार ताईस दिधला, आणि ताईने कॉम्प्युटरवर नकाशा काढिला की आपण होऊन पाते फिरवील ऐसे यंत्र आणविले. त्या यंत्राशी अण्णांचे सख्य नव्हते.

ते समयी थोरली आणि धाकटी ऐशा दोघी बहिणी दाखल जाहल्या. संध्याकाळी आईस ऐंशी वर्षे पुरी होणार, तिजला तसबीर नजर करावयाची: मध्ये आईची लंबगोल खिडकी, भोवती चौघा भावंडांच्या चौकोनी, आणि चौघांत सूतभरही लहानमोठे नसावे. मागील तसबिरीत धाकटीचा फोटो मोठा निघाला होता आणि थोरलीने दोन वर्षे अबोला धरिला होता. तो नुकताच सुटला होता. दोघींनी पसंत केलेल्या रंगाचा पुठ्ठाही दुकानी एकच शिल्लक.

मग ताई माउस घेऊन पडद्यावर चालून गेली. एक खिडकी कोपरा धरून ओढिली, तो ती शेजारणीवर जाऊन बसली; आईची लंबगोल बाजूने ताणिली, तो तिचे वांगे जाहले; पाचही एकत्र धरून वाढविल्या, तो दोन खिडक्या पुठ्ठ्याची सरहद्द ओलांडून परमुलखी गेल्या. दोघी बहिणी खुर्चीमागे पहारा देत होत्या.

थोरली म्हणाली, "हिची जरा मोठी दिसतेय."

धाकटी म्हणाली, "तुला दिसणारच."

ताईने वोळखिले की तह मोडावयाच्या बेतास आला. मग तिने सारी फौज माघारी घेतली, लंबगोलाची रुंदी-उंची कुलूप लावून जखडिली, चारी चौकोनांस एकच माप आकडे टाकून दिधले, आणि बरोबरीने उभे राहावे, मधले अंतर समान राखावे, ऐसा हुकूम सोडिला. चौघे मुकाट रांगेत आले. ताईने दोघींस माप वाचून दाखविले. थोरलीने ते दोनदा वाचावयास लाविले आणि मान डोलविली.

ताई कापावयाचे बटण दाबणार, इतक्यात अण्णा स्टुलावरून उठले.

"मधोमध नको. खाली बोटभर जास्त सोड, नाहीतर भिंतीवर सगळे घसरल्यासारखे दिसतील."

"अण्णा, कॉम्प्युटर मधोमध म्हणतोय."

"त्याने कधी भिंतीवर तसबीर टांगलीय?"

ताईने बटणावरचे बोट काढिले. मग पाचही खिडक्या एका मोळीत बांधून बोटभर वर सरकविल्या, आणि पडदा अकस्मात भारदस्त दिसू लागला. अण्णांनी बटण आपल्या हाते दाबिले. पाते फिरले, पाच तुकडे निघाले, एकही कोपरा फाटला नाही.

संध्याकाळी आईने तसबीर मांडीवर घेऊन बहुत वेळ पाहिली. कोणाचा फोटो मोठा, या निवाड्याकरिता दोघी श्वास धरून उभ्या.

आई म्हणाली, "चौघे जन्मात कधी इतक्या शहाण्यासारखे बसला नाहीत."

आधी थोरली हसली, मागाहून धाकटी, आणि खिळा कोठे ठोकावा यावरून दोघींत नवी तकरार सुरू जाहली, परंतु बोलणे चालू राहिले. येणेप्रमाणे मोहीम एका पुठ्ठ्यात फत्ते जाहली, हे दप्तरी नमूद केले असे.