रुखवतातली पुस्तकं

उदगीरकडं गाडी काढणार, हे दयानंदनं कुणाला सांगितलंही नव्हतं. पण नांदेडच्या गल्लीत तुम्ही नुसती गाडीची काच पुसा, बातमी तुमच्या आधी गावाला पोचते! शेजारच्या रुक्मिणबाई नातीच्या लग्नाला जळकोटला गेलेल्या. थेट तिथून त्यांचा फोन.

"दया, गाडी चाललीच हाय तर आमच्या घरातली कुरडयांची चार खोकी आण बाबा. ऋतुजाच्या रुखवतात मांडायचीत."

नाही कोण म्हणणार? लेकीच्या रुखवताला नाही म्हणणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचाय.

गाडीत चार खोकी आधीच होती, पुस्तकांची. उदगीरजवळच्या गावात महांतेशनं वाचनालय काढलं होतं आणि आज रविवारी त्याचं उद्घाटन होतं. दयानंद, रामलिंग आणि महांतेश हॉस्टेलात एका खोलीतले. "कपाटं तू कर, पुस्तकं आमची," असा शब्द या दोघांनी दिलेला. कपाटं महिनाभर रिकामी उभी होती आणि गाव हसत होतं. आज सगळ्यांची तोंडं बंद होणार होती! दोघं इतके खुशीत होते, की कंधारपर्यंत बेसूर गात सुटले.

कंधारला रामलिंगला आडवं व्हायचं सुचलं. त्यानं मागच्या सीटवरच्या कुरडया डिकीत पुस्तकांशेजारी कोंबल्या. आठही खोकी कोपऱ्यावरच्या दुकानातली, साबणाची.

जळकोटला मांडवापुढं दयानंदनं गाडी बंदसुद्धा केली नाही. "मी उतरत न्हाई. उतरलो की चहा, चहा झाला की जेवल्याबिगर सोडत न्हाईत. तू पळत जा."

रामलिंग परतला तो डोक्याला फेटा बांधून.

"हे काय रे?"

"खोकं ठेवायला वाकलो, तेवढ्यात बांधला! पण रुक्मिणबाईच्या कुरडया लई जड हायेत बघ."

"गव्हाच्या असतेत. गव्हाला वजन असतंय. बस लवकर!"

वाचनालयाच्या दारातच महांतेशनं दोघांना कडकडून मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. "अर्धं गाव गुरम्माबाईच्या पोराच्या, सत्यमच्या वऱ्हाडात गेलंय," तो म्हणाला, "पण उरलेलं सगळं आणलंय मी." त्यानं ऐटीत खोकं उचललं. "लई हलकी हायेत रे पुस्तकं?"

फीत कापली, टाळ्या पडल्या, खोकं उघडलं. आत कुरडया. दुसऱ्यात कुरडया. तिसरं उघडायला कुणी धजेना.

"तळून वाचायच्या का?" मागून कुणीतरी विचारलं आणि गाव खदखदून हसलं. महांतेश मटकन पायरीवर बसला.

दयानंदनं घाम पुसत रुक्मिणबाईंना फोन लावला.

"अगं बाई, ती वाचनालयाची व्हती? मला वाटलं तू आहेर केलास! पोरींनी रुखवतात मांडली बी. विहीणबाई तर सगळ्यांना हात धरून दाखवायलीय, बघा माझी सून किती शिकलेली! आता रुखवतातलं उचलतेत का रे?"

ते तर कुणीच उचलत नाही. मग गावकऱ्यांनी कढई चढवली. उद्घाटन तर उद्घाटन! कुरडयांच्या वासावर सगळी आळी जमली आणि खोकी रिकामी झाली.

दिवस कलता कलता वाजतगाजत वऱ्हाड परत आलं. मागच्या टेम्पोत रुखवत होतं आणि त्यात वरच पुस्तकं! दयानंद बघतच राहिला. नवरी होती रुक्मिणबाईंची ऋतुजा.

महांतेश हात जोडून पुढं झाला. गुरम्माबाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "रुखवताची वस्तू माघारी देत न्हाईत. आन् कुरडया कुठायत?"

सगळ्या गावानं तोंड पुसलं.

तेवढ्यात नवरी हळूच बोलली. "आत्या, माघारी कशाला द्यायची? पुस्तकं माझीच राहतील. फक्त कपाटं वाचनालयाची. चावी माझ्याकडं ठिवते, रोज सांजच्याला उघडीन."

गुरम्माबाईंनी तोंड उघडलं. पण शिकलेल्या सुनेचं कौतुक दिवसभर सांगून झालेलं, आणि पुढं अख्खं गाव उभं. "हाव, ठिव," त्या म्हणाल्या. महांतेशनं चावी ऋतुजाच्या हातावर ठेवली, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या फेटेवाल्या रामलिंगनं वाजवल्या.

निघताना गुरम्माबाई गाडीच्या खिडकीशी आल्या. "गाडी माघारी चाललीच हाय तर रुक्मिणबाईला सांगा, कुरडया राहिल्यात. पुढच्या ऐतवारी..."

"घेऊन येतो!" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच दयानंद म्हणाला.