तीनशे तीनमधली रेखा

चंद्रहासनं फॉर्मवर दोनच्या ऐवजी तीन नावं लिहिली, तिथूनच सगळं सुरू झालं.

तोक्योजवळच्या उरायासुतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये २०११च्या भूकंपापासून दरवर्षी ड्रिल होतं, शहरात सगळ्यात लवकर खाली उतरणाऱ्या बिल्डिंगला प्रमाणपत्रही मिळतं. यंदा फायर ब्रिगेडनं घरोघरची यादी मागितली, आत कोण अडकलं तर कुणाला शोधायचं ते कळावं म्हणून. यानं लिहिलं, चंद्रहास, केतकी, रेखा. रेखा म्हणजे सापीण. बिनविषारी, पट्ट्यापट्ट्यांची, पावणेपाच फुटी. इचिकावात नदीकाठी सापडली तेव्हा पेन्सिलीएवढी जाड होती. आणि हा माणूस तर चिपळूणला दुसरीत असल्यापासून बरणीत सरडे पाळणारा. खरा भूकंप झाला आणि रेखाला शोधायला कुणी गेलंच नाही तर, या विचारानं त्याला जेवण जाईना.

"करारात प्राणी बंद आहेत," केतकी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली. "घरमालकांनी वाचलं तर?"

"यादी कोण वाचतंय?"

जपानमध्ये यादी वाचतात.

रविवारी भोंगा वाजला, सगळे खाली जमले. फायर ब्रिगेडचा कॅप्टन यादी घेऊन समोर. "तीनशे तीन. तिघं. दोघंच दिसताय. रेखा-सान?"

घरमालक ओकुबो-सान शेजारीच उभे. "झोपलीय," चंद्रहास म्हणाला.

"भोंग्यानं उठल्या नाहीत?"

"तिला नीटसं ऐकू येत नाही."

"वय?"

"अकरा."

"चालता येतं?"

"पाय नाहीयेत."

कॅप्टनचा चेहराच बदलला. बिचारा दहा वर्षं ड्रिलमध्ये खोटी खोटी माणसं वाचवत होता. केतकीकडून किल्ली घेतली, आणि त्याचे चार जवान स्ट्रेचर घेऊन जिना चढत सुटले.

"अरे, सांग त्यांना," केतकी कुजबुजली.

"घर जाईल गं."

"आणि त्यांनी घाबरून तिला काही केलं तर?"

मग मात्र हा पठ्ठ्या सरळ पुढे गेला आणि सगळ्यांदेखत कॅप्टनच्या वॉकीटॉकीत बोलला. "पेटीचं झाकण उघडू नका. रेखा सापीण आहे. माझी आहे."

वॉकीटॉकी खरखरली. मग आवाज आला, "समजलं. सांभाळून आणतो."

आणि आणली ना. स्ट्रेचरवर काचेची पेटी, तिला दोन पट्टे बांधलेले, आणि एक जवान वरून ऊन लागू नये म्हणून हेल्मेट धरून चाललाय.

सगळे ओकुबो-सानांकडे बघायला लागले. कॅप्टननं घसा साफ केला. "सगळी यादी खाली, नऊ मिनिटांत. शहरात पहिला नंबर. पण रेखा-सान इथल्या रहिवासी नसतील तर यादी चुकीची, नंबर रद्द."

समोरची बिल्डिंग सहा वर्षं पहिली येत होती. ओकुबो-सान पेटीपाशी गेले, वाकले. रेखानं जीभ काढून त्यांना नीट न्याहाळलं.

"इथंच राहतात," ते म्हणाले. "फार शांत आहेत. शेजाऱ्यांची एकदाही तक्रार नाही."

आता लिफ्टपाशी प्रमाणपत्र लावलंय, खाली फोटो. पहिल्या रांगेत छाती फुगवून चंद्रहास, गळ्यात रेखा. तिच्या शेपटीचं टोक ओकुबो-सानांनी धरलंय, अदबीनं, दोन्ही हातांनी.