तीस वस्तूंचा त्याग

सोलापुरातील राहणीमान सुधार कार्यालयात सर्व काही सुरळीत चालू आहे, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या लक्षात आली आणि त्यांनी तातडीने परिपत्रक काढले. विषय: कर्मचाऱ्यांनी पेहराव व त्वचानिगा यांत साधेपणा अंगीकारणेबाबत. प्रत्येकाने कपडे व प्रसाधने मिळून किमान तीस वस्तूंचा त्याग करावा, त्याची यादी विहित नमुन्यात सादर करावी आणि साधेपणाचे प्रमाणपत्र घ्यावे. प्रमाणपत्र नसेल, त्याची कोणतीही फाईल पुढे सरकणार नाही.

आता फाईल म्हणाल, तर त्या कार्यालयात सरकण्याजोगी एकच होती. शिपाई केराबाईंची. अकरा वर्षं हंगामी म्हणून पाणी भरता भरता त्यांना कायम करायची फाईल कशीबशी शेवटच्या टेबलावर पोचली होती. एक सही राहिली होती, आणि नेमकं त्या सहीच्या वाटेत हे परिपत्रक मांडी घालून बसलं.

केराबाई कुंभारीच्या. नवरा बिरुदेव मेंढरं राखतो. बाईंची लुगडी तीन. एक अंगावर, एक दांडीवर, एक लग्नाकार्याला. तोंडाला पाणी. त्यांनी 'त्याग केलेल्या वस्तू' या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलं. माहिती नसली की साहेब हाच शब्द लिहून वर पाठवतात आणि वरून तो कधी परत येत नाही, हे बाईंनी अकरा वर्षं पाहिलं होतं.

बाईंचा मात्र परत आला.

"केराबाई, हे चालणार नाही," संगमेश साहेब म्हणाले. "यात त्याग दिसत नाही."

"सायब, माज्याकडं टाकायला हाय काय?"

"तेच तर! साधं व्हायचं म्हणजे आधी थोडं भपकेबाज असावं लागतं की हो. तुम्ही एकदम शेवटापासून सुरुवात केलीत."

"मग आता वो?"

"तीस वस्तू घ्या. वापरा. मग सोडा. घाई नाही, महिनाअखेरपर्यंत मुदत आहे."

"आन् ही लुगडीच सोडली तर?"

"तीनच भरतील. शिवाय मग तुम्हाला कार्यालयात येता येणार नाही, तो वेगळा मुद्दा."

इकडे बाकीच्या एक्केचाळीस जणांचा साधेपणा जोरात सुरू होता. साधेपणाच्या नोडल अधिकारी ऋतुजा मॅडम. त्यांनी रोज काय घालायचं हा विचारच नको म्हणून एकाच मातकट रंगाचे बारा कुर्ते घेतले, आणि त्यांतला आजचा कोणता, हे ठरवण्यात रोज सकाळी पाऊण तास घालवू लागल्या. चेहऱ्याची निगाही त्यांनी सतरा बाटल्यांवरून नवांवर आणली. सतरांच्या किमतीतच आणली, हे कबूल. पण साधेपणा काही रस्त्यावर पडलेला नाही.

एके दिवशी डबा खाऊन झाल्यावर मॅडमनी नववी बाटली उघडली, तशा केराबाई पाण्याची कळशी तिथंच ठेवून दाराकडे धावल्या.

"मॅडम, मेंढी शिरली का वो आत?"

"अगं बाई, ही क्रीम आहे. शुद्ध, नैसर्गिक. लोकरीतून काढतात, परदेशात."

केराबाईंनी बोटाला लावून हुंगलं. "व्हय की! लोकर कातरताना हाताला लागतो, त्यो चिकटा ह्यो. आमच्या मालकाचं हात बगा येकदा, लोण्यावानी हायेत."

"त्यांची त्वचा कोणत्या प्रकारची?"

"धनगराची."

मॅडमनी लिहून घेतलं.

तेवढ्यात परिपत्रकाला पुरवणी आली. त्याग केलेल्या वस्तू फेकून न देता गरजू व्यक्तीस द्याव्यात आणि तिच्या सहीची पोच जोडावी. गरजू कुठून आणायचा, यावर तातडीची बैठक बसली. कुणी म्हणालं जाहिरात द्या, कुणी म्हणालं निविदा काढा. तासाभरानं केराबाई चहा घेऊन आत आल्या आणि एक्केचाळीस माना एकदम वळल्या.

"केराबाई, तुम्ही गरजू आहात ना?"

"मला फकस्त कायम व्हायची गरज हाय, सायब."

"झालं तर. करा सही."

एक्केचाळीस गुणिले तीस, म्हणजे बाराशे तीस वस्तू. टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. बिरुदेव दारात उभा राहून बघत होता.

"दुकान टाकलंस व्हय गं?"

"न्हाय वो. साधेपना हाय ह्यो."

"लई जागा खातोय की!"

घर भरलं, पडवी भरली, मग मेंढरांचं वाडगं भरलं आणि मेंढरं रस्त्यावर आली. एका एडक्यानं गुलाबाचा लेप अख्ख्या डबीसकट खाल्ला. त्याच्या तोंडावर असं काही तेज चढलं, की भर दुपारी जवळच्या होटगी स्टेशनात एक मालगाडी त्याला लाल सिग्नल समजून अर्धा तास उभी होती. मी स्वतः पाहिलं. एडका हलला तेव्हाच गाडी हलली.

महिनाअखेरीस पुण्याहून तपासणी पथक आलं. एक्केचाळीस जण साधेपणात उत्तम श्रेणीत उत्तीर्ण. त्यांच्या कपाटांत आता फक्त साध्या वस्तू होत्या, खचाखच. पथक कुंभारीला पोचलं आणि मोजणी झाली: एडक्याच्या पोटातली डबी आणि बाईंची तीन लुगडी धरून एकूण वस्तू बाराशे तेहतीस. दुसऱ्या दिवशी केराबाईंना नोटीस. आपण जिल्ह्यातील सर्वाधिक चैनी कर्मचारी आढळून आला आहात. आपल्याला कायम का करावे, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.

केराबाई नोटीस घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "आता हायेत की सायब माज्याकडं! तीस काय, समद्या सोडते. लिवा."

"कोणाला देणार?"

"ज्येचं त्येला."

ऋतुजा मॅडम पांढऱ्या पडल्या. क्रीममुळे नव्हे. "सर, वस्तू परत आल्या तर आमची प्रमाणपत्रं रद्द होतील! आणि ठेवायच्या कुठे? जागा आहे का घरात?"

"माज्या घरात तर मेंढरालाबी न्हाय, मॅडम."

"तुमची गोष्ट वेगळी आहे."

वेगळी होती खरी. साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. 'कर्मचाऱ्यांचा साधेपणा टिकवावयाचा असल्यास गरजू टिकणे क्रमप्राप्त आहे. सबब शिपाई हे पद रद्द करून त्याऐवजी गरजू (कायम), गट ड, असे पद निर्माण करण्यात येत आहे. दर महिन्याला वस्तू स्वीकारणे, पोच देणे व जागेबाबत तक्रार न करणे, ही सदर पदाची कर्तव्ये राहतील. धारकाची गरज संपल्यास नेमणूक आपोआप संपुष्टात येईल.'

केराबाईंनी आदेश दोनदा वाचला. "पगार?"

"तोच."

"आन् पानी?"

"ते तुम्हीच भरायचं की."

बाईंनी सही केली. अकरा वर्षांनी कायम झाल्या. कार्यालयानं पेढे वाटले, आणि रिकाम्या खोक्यांसह वीस पिशव्या त्यांच्या हवाली केल्या.

हसलात? हसा. फक्त गेल्या दिवाळीत कपाट आवरून तुम्ही जी पिशवी भरलीत, दारातल्या बाईला "अगं, नवंच आहे, एकदाच घातलंय" म्हणून दिलीत, आणि मोकळ्या झालेल्या कप्प्यात संध्याकाळच्या आत दुसरं काहीतरी आणून ठेवलंत, तेव्हा तुम्हीही एक नेमणूकच केलीत. बिनपगारी. तिच्या घरात जागा किती, हा रकाना तुमच्या नमुन्यात होता का, एवढं सांगा.